विद्यापीठाची चाकरी

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, विद्यापीठांत काम करणें म्हणजे काय असतें, या विषयावर बोलण्याचा अधिकार वास्तविक एखाद्या प्राध्यापकाचा. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. त्या बळावर मीं आपलें सारें आयुष्य शाळेंत मुलें शिकविण्यांत घालविलें. विद्यापीठाच्या दारांतून विद्यार्थी म्हणून मी कधीं आंत गेलों नाहीं. परंतु माझे थोरले बंधु, ज्यांना आम्ही घरांत अण्णा म्हणतों, ते १९७२ सालीं आपल्याकडील एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागांत कारकून म्हणून लागले आणि २००९ सालीं तेथूनच निवृत्त झाले. या सदतीस वर्षांत विद्यापीठ आमच्या घरीं रोज सायंकाळीं जेवावयास येत असे, असें म्हटलें तरी चालेल. त्या पंक्तीला बसून जें ऐकलें व पाहिलें, तेंच आज आपल्यापुढें ठेवणार आहें.

विद्यापीठ हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें उंच मनोरा, ग्रंथांनीं भरलेलीं कपाटें, व्याख्यान देणारे विद्वान् आणि झगे घातलेले पदवीधर उभे राहतात. हें चित्र खोटें नाहीं. पण तें अपुरें आहे. आपल्या प्रांतांतील पहिल्या विद्यापीठाचा जन्म पाहिला, तर त्यांत वर्ग नव्हता, फळा नव्हता आणि शिकविणारा प्राध्यापकहि नव्हता. होती ती केवळ परीक्षा.

१८५७ हें साल आपणांस बंडाच्या धामधुमीमुळें ठाऊक आहे. त्याच सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें तीन विद्यापीठें स्थापन झालीं. मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला तो १८ जुलै रोजीं. या तिघांपुढें नमुना होता लंडन विद्यापीठाचा, आणि त्या काळीं लंडनचें विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे. तें परीक्षा घेई आणि पदव्या देई. मुंबईनेंहि तोच कित्ता गिरविला. शिकविण्याचें काम कॉलेजांनीं करावयाचें. शिकलेला माणूस खरोखर शिकला आहे कीं नाहीं, एवढें विद्यापीठानें पाहावयाचें. १८५९ सालीं पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली आणि १८६२ सालीं पहिले चार बी. ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे ते चौघे. रानडे व भांडारकर शिकले एल्फिन्स्टन कॉलेजांत; विद्यापीठानें त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांची नांवें आपल्या नोंदवहींत लिहिलीं.

इमारती आल्या त्या मागाहून. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगींतून उभारलेलें पदवीदानाचें सभागृह १८७४ सालीं पुरें झालें. शेठ प्रेमचंद रायचंद यांनीं ग्रंथालयाकरितां दोन लाख आणि मनोऱ्याकरितां आणखी दोन लाख रुपये दिले. त्यांच्या मातोश्रींच्या नांवाचा राजाबाई टॉवर १८७८ सालीं पुरा झाला. अध्यापनाचा अधिकार विद्यापीठाला मिळाला तो १९०४ च्या कायद्यानें, आणि विद्यापीठाचे स्वतःचे विभाग निघावयास त्यानंतरहि कांहीं वर्षें लागलीं. पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखालीं समाजशास्त्राचा विभाग निघाला १९१९ सालीं. डॉक्टर गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे त्याची धुरा आली १९२४ सालीं. म्हणजे आपण ज्याला विद्यापीठाचें खरें काम समजतों, तें विद्यापीठाच्या वयाच्या साठीनंतर नीट सुरू झालें. तोंपर्यंत विद्यापीठ चालविलें कोणीं? प्राश्निकांनीं, परीक्षकांनीं, आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजणाऱ्या, गुण उतरून घेणाऱ्या, नांवें लिहिणाऱ्या माणसांनीं. या शेवटच्या माणसांचीं नांवें इतिहासांत कोठें आढळत नाहींत.

ज्या मॅट्रिक शब्दानें माझी विद्या संपते, त्याचाहि येथेंच उल्लेख करतों. लॅटिन भाषेंत मॅट्रिक्युला म्हणजे नांवांची नोंदवही. मॅट्रिक होणें म्हणजे विद्यापीठाच्या वहींत नांव चढणें. मुंबई इलाख्यांत ही परीक्षा विद्यापीठच घेत असे. १९४९ पासून तिच्या जागीं एस्. एस्. सी. आली आणि विद्यापीठाचा तिच्याशीं संबंध सुटला. माझ्या पिढीनें दिली ती एस्. एस्. सी.च, पण लोकांच्या तोंडीं मॅट्रिक हा शब्द टिकून राहिला. वहींत नांव चढणें हा अर्थ मात्र कोणाच्या ध्यानांत राहिला नाहीं. अण्णांना पाहूनच तो मला कळला.

आतां त्यांच्या कामाकडे वळूं. परीक्षा म्हणजे तीन तासांची गोष्ट, अशी विद्यार्थ्याची समजूत असते. परीक्षा विभागाला ती सहा महिने पुरते. प्राश्निकांच्या नेमणुका व्हावयाच्या. त्यांनीं काढलेल्या प्रश्नपत्रिका नियामकांनीं तपासावयाच्या. त्यांची छपाई गुप्तपणें व्हावयाची. मोहोरबंद पाकिटें मोजून केंद्रोकेंद्रीं जावयाचीं. परीक्षा झाली कीं उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परत यावयाचे. हजर किती, गैरहजर किती, पुरवण्या किती, याचा मेळ बसला पाहिजे. एक उत्तरपत्रिका कमी भरली तर सारा विभाग थांबतो. त्यानंतर विद्यार्थ्याचा आसन क्रमांक झांकून त्याजागीं सांकेतिक अंक घालावयाचा, म्हणजे परीक्षकाला कोणाची उत्तरपत्रिका तें कळूं नये. तपासणी झाल्यावर तो अंक उलगडून गुण पुन्हां मूळ क्रमांकावर उतरवावयाचे. अण्णांच्या तरुणपणीं हें सर्व हातानें चाले. लेजर म्हणून जी मोठी वही असे, तिच्यासमोर दोघे बसत. एकानें आंकडा मोठ्यानें वाचावयाचा व लिहावयाचा, दुसऱ्यानें मूळ कागदावर ताळा पाहावयाचा. पानाखालीं दोघांच्याहि सह्या.

एप्रिल व मे महिन्यांत आम्हां भावंडांच्या घरीं लग्नें असत, मुंजी असत; अण्णा अक्षता टाकावयास येत आणि जेवणाला न थांबतां परत जात. या दिवसांत दूरचे नातेवाईकहि अचानक जवळचे होत. कोणी आंब्याची पेटी घेऊन येई, आणि निघतांना आसन क्रमांकाची चिठ्ठी हळूच पुढें करी. अण्णा पेटी व चिठ्ठी दोन्ही परत करीत. त्यामुळें आमच्या कुळांत त्यांचा लौकिक तुसडा माणूस असाच होता, आणि खरें सांगावयाचें तर माझेंहि मत त्याहून फारसें वेगळें नव्हतें. मी मुलांना घडवितों आणि अण्णा कागद हलवितात, असा एक सूक्ष्म अहंकार माझ्या मनांत होता. तो कसा उतरला, तें सांगितल्यावांचून हें भाषण पुरें होणार नाहीं.

त्याआधीं एक लहानशी गोष्ट. अण्णांची मुलगी बी. कॉम. च्या शेवटच्या वर्षाला बसली, तेव्हां त्यांनीं आपण होऊन लेखी अर्ज केला, कीं माझी कन्या या परीक्षेस बसली असल्यानें तिच्या कोणत्याहि कागदाशीं माझा संबंध येऊं देऊं नये. नियमच तसा आहे. निकालाच्या दिवशीं ते तिच्याबरोबर इतर पालकांप्रमाणें फलकापुढील गर्दींत उभे राहिले. तिनें विचारलें, "बाबा, तुम्ही खरंच आधीं पाहिला नाहींत?" ते म्हणाले, "पाहिला असता, तर आज मला तुझ्याबरोबर आनंद कसा झाला असता?" ती उत्तीर्ण झाली होती. तिला हें उत्तर पटावयास पुढें बरींच वर्षें लागलीं.

आतां ती दुसरी गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. खिडकीवर एक मुलगा आला, परगांवच्या एका कॉलेजांतला. एका विषयांत आपण नापास होणें शक्य नाहीं, असें त्याचें म्हणणें. असें म्हणणारे रोजच येतात. फेरमोजणीच्या अर्जाची मुदत संपून गेली होती. कॉलेजची सूचना त्याच्या गांवीं उशिरां पोंचली होती. नियमानें त्याला परत पाठवावयास हरकत नव्हती, आणि आधींच्या खिडकीनें तसेंच केलेंहि होतें. अण्णांनीं त्याच्याकडून साधा अर्ज लिहून घेतला, वरिष्ठांची परवानगी मिळविली, आणि सायंकाळीं कचेरी सुटल्यावर गठ्ठा काढून उत्तरपत्रिका शोधली. मुखपृष्ठावर गुण होते ६१. लेजरमध्यें होते १६. आणि लेजरमधील तें अक्षर अण्णांचेंच होतें.

पानाखालीं दोन सह्या होत्या. पण त्या दिवशीं निकालाची घाई होती. ताळा पाहणारा सोबती दुसऱ्या कामाला बोलावला गेला होता, आणि त्यानें मागाहून न पाहतांच सही केली होती. 'लेखनप्रमाद झाला आहे, दुरुस्ती व्हावी' एवढेंच मोघम टिपण लिहून प्रकरण मिटलें असतें. सोबत्यानें तसें सुचविलेंहि. अण्णांनीं टिपणांत लिहिलें, कीं अंक मीं उलटा लिहिला, आणि ताळा न पाहतां पान मीं पुढें जाऊं दिलें. चौकशी झाली. अण्णांची एका वर्षाची वेतनवाढ रोखली गेली. मुलाची गुणपत्रिका दोन आठवड्यांत दुरुस्त झाली. पण तोंपर्यंत त्याला ज्या वर्गांत जावयाचें होतें, तेथील प्रवेश बंद झाले होते.

त्या रात्रीं मी अण्णांकडे गेलों होतों. वहिनींनीं वाढलेलें ताट तसेंच होतें. मी समजावणीच्या सुरांत म्हटलें, "अण्णा, वेतनवाढीचं एवढं मनाला लावून घेऊं नका." त्यांनीं मान वर करून माझ्याकडे पाहिलें. म्हणाले, "वेतनवाढ पुढच्या वर्षीं मिळेल रे. त्याचं वर्ष कोण देणार?"

यावर मला बोलावयास कांहीं सुचलें नाहीं. घरीं परतल्यावर मीं सहावीच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका पेटींतून काढल्या. त्या मीं तपासून, गुणांची बेरीज करून, मुलांना सांगूनहि टाकल्या होत्या. चाळीस उत्तरपत्रिकांपैकीं दोहोंची बेरीज चुकली होती. मी मुलांना घडवितों, असें समजणारा मी! दुसऱ्या दिवशीं वर्गांत मीं दोघांची नांवें घेऊन चूक सांगितली. त्यांतील एकाचे गुण वाढले, एकाचे कमी झाले. ज्याचे कमी झाले तो मुलगा रडला नाहीं. पण माझ्याकडे ज्या नजरेनें पाहूं लागला, ती मी अजून विसरलों नाहीं.

परीक्षा विभागांत माणूस म्हणजे क्रमांक. हजारों क्रमांक हातांखालून जातात, आणि त्यांना तसे जाऊं दिल्यावांचून काम होत नाहीं. अण्णा त्या मुलाचा आसन क्रमांक पुढें विसरले. त्याचें नांव मात्र विसरले नाहींत. तो पुढें कोठें गेला, काय झाला, तें आम्हांला कधींच कळलें नाहीं.

२०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला, कीं तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच्या अधिकाराखालीं येणारी माहिती आहे, आणि विद्यार्थ्याला स्वतःची उत्तरपत्रिका पाहावयास मागतां येते. अण्णा तेव्हां निवृत्त झाले होते. त्यांचे जुने सहकारी घाबरून सांगूं लागले, आतां कामाचा डोंगर वाढणार. अण्णांनीं ती बातमी दोनदां वाचली आणि वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली. "फार वर्षांपूर्वीं व्हायला हवं होतं," एवढेंच ते म्हणाले.

आतां लेजर गेलें आणि यंत्रें आलीं. यंत्र ६१ चे १६ करीत नाहीं, हें खरें आहे. परंतु यंत्रालाहि माणसांची पूर्वतयारी लागते. २०१७ सालीं मुंबई विद्यापीठानें सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम सुरू केली. लाखों उत्तरपत्रिकांचीं पानें यंत्रानें टिपून घ्यावयाचीं, तीं परीक्षकांपर्यंत पोंचवावयाचीं, परीक्षकांना नवी रीत शिकवावयाची, हें सर्व ऐन हंगामांत आलें. निकाल कित्येक महिने रेंगाळले. पुढील प्रवेश अडले. आणि त्याच वर्षीं कुलगुरूंना पदावरून दूर व्हावें लागलें. हा दोष यंत्राचा नव्हता. ज्यांच्या हातीं तें द्यावयाचें, त्या माणसांना विचारण्यास व शिकविण्यास वेळ ठेवला गेला नाहीं.

आपण म्हणाल, हें सर्व कारकुनांचें झालें, शिकविणाऱ्यांचें काय? त्यांचेंहि सांगतों, कारण माझा एक जुना विद्यार्थी आज विद्यापीठांत शिकवितो. त्यानें पीएच्. डी. केली, सेट परीक्षाहि उत्तीर्ण झाला. तरीहि त्याची नेमणूक आहे ती तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास वर्गांत उभें राहावें, तितक्या तासांचे पैसे. सुटी लागली कीं पैसे बंद. वर्ष संपलें कीं नेमणूक संपली. पुढच्या वर्षीं पुन्हां अर्ज, पुन्हां मुलाखत. सकाळीं विद्यापीठांत एक तास, दुपारीं दुसऱ्या एका कॉलेजांत दोन तास, आणि मधला वेळ बसमध्यें. दिवाळींत तो मला भेटावयास आला असतां मीं विचारलें, "तासाभराच्या व्याख्यानाची तयारी किती वेळ चालते?" तो हंसला आणि म्हणाला, "गुरुजी, नवा विषय असला तर चार तास. पण ते चार तास कोणत्याच वहींत चढत नाहींत."

मला अण्णांची आठवण झाली. एकाचा ताळा पाहण्याचा वेळ निकालाच्या घाईनें खाल्ला. दुसऱ्याचा तयारीचा वेळ वेतनाच्या हिशेबांत धरलाच जात नाहीं. दोघांच्याहि कामाचा जो भाग डोळ्यांना दिसत नाहीं, तोच महत्त्वाचा आहे. ताळा नसेल तर गुण खोटा; तयारी नसेल तर व्याख्यान खोटें. आणि दोन्ही खोटीं झालीं, तर त्यावर मिळणारी पदवी ही छापील कागद होऊन राहते. विद्यापीठाचें खरें भांडवल इमारती किंवा जमिनी नव्हे. परक्या गांवीं, परक्या माणसानें आपली पदवी पाहून 'ठीक आहे, या' असें म्हणावें, हा जो विश्वास, तेंच त्याचें भांडवल. तें भांडवल ज्यांच्या हातांतून रोज जातें, त्यांना आपण घाई करतों, त्यांच्या जागा रिकाम्या ठेवतों, आणि चूक झाली कीं त्यांना दोष देतों. दोष द्यावा, अण्णांनीं तो स्वतःच घेतला. पण ताळा पाहणारा दुसरा माणूस त्या मेजाशीं बसलेला होता कीं नाहीं, हेंहि विचारावें.

अण्णांच्या नोकरींतील शेवटचीं कांहीं वर्षें पदव्यांच्या प्रमाणपत्रांच्या टेबलावर गेलीं. आपल्याकडे नांवें मोठीं विचित्र रीतीनें लिहिलीं जातात. एकच मुलगी शाळेच्या दाखल्यावर एक, गुणपत्रिकेवर दुसरी आणि लग्नानंतरच्या कागदांवर तिसरी असते. वेलांटी ऱ्हस्व कीं दीर्घ, वडिलांचें नांव पूर्ण कीं अर्धें, यासाठीं अण्णा कॉलेजांना दूरध्वनि करीत, कित्येकदां स्वतःच्या खर्चानें. कोणी हंसलें तर म्हणत, "आयुष्यभर भिंतीवर लागणार आहे तें. चुकलेलं कशाला लावायचं?"

पदवीदान समारंभाला ते सदतीस वर्षें न चुकतां हजर होते. पण सभागृहांतील खुर्चीवर एकदांहि बसले नाहींत. त्यांची जागा पडद्याच्या आड, क्रमानें लावलेल्या प्रमाणपत्रांजवळ. बाहेर नांव पुकारलें गेलें कीं तेंच प्रमाणपत्र पुढें जावें, दुसरें जाऊं नये, एवढें त्यांचें काम. टाळ्या त्यांना ऐकूं येत. ज्यांच्यासाठीं त्या पडत, ते चेहरे दिसत नसत. निवृत्तीच्या वर्षीं मीं त्यांना विचारलें, "एकदां तरी पुढें बसून पाहावं, असं वाटलं नाहीं?" त्यावर ते म्हणाले, "पुढं बसलों असतों, तर मागं कोण?"

श्रोतेहो, विद्यापीठांत काम करणें म्हणजे परक्याच्या नांवाची राखण करणें, असें मी समजतों. तें नांव प्राध्यापक मोठें करतो, कारकून तें बिनचूक ठेवतो. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं भिंतीवर एखादी पदवी चौकटींत लावलेली असेल. तिच्यावर कुलगुरूंची सही आहे. आज घरीं कोणी पाहुणा आला, तर ती सही त्याला अवश्य दाखवा. पण सहीच्या वर जें नांव आहे, तें एकदां अक्षर न् अक्षर वाचून पाहा. तें बरोबर लिहिलेलें असेल, तर कोणीतरी पडद्याआड बसून त्याचा ताळा पाहिलेला आहे.